गाठीकडची बाजू

“धनुष्य ओढताय असं समजा,” वैदेही म्हणाली आणि मी थांबले. माझ्या हातात लाल रबरी पट्टा होता, त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं. सोलापुरात सात रस्त्याला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. खाली रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या पलंगावर गुडघ्याला शेक घेत पडलेले एक आजोबा. वैदेही फिजिओथेरपिस्ट, माझ्या भाचीच्या वयाची. दिवसभर हेच वाक्य ती सगळ्यांना सांगत असणार आणि सगळे समजून घेत असणार. मला मात्र ते समजता येईना. उजवा खांदा दिवाळीपासून आखडला होता, ते दुखणं वेगळं. आत्ता अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. धनुष्य ओढताना कसं वाटतं? आधी हलकं आणि मग जड, की पहिल्यापासूनच जड? दोरी बोटाला कापते का? ओढून धरलं की लाकूड हातात थरथरतं, की गप्प राहतं? आयुष्यभरात कॅलेंडरवर, टीव्हीवर, दसऱ्याच्या मिरवणुकीत पुठ्ठ्याची अशी कितीतरी धनुष्यं पाहिली असतील. हातात एकही धरलेलं नव्हतं. “दुखतंय का, मॅडम?” तिने विचारलं. “नाही गं. धनुष्य कसं असतं तेच मला माहीत नाही,” म्हटलं. ती हसली. “मला तरी कुठं माहितेय? आम्हाला कॉलेजात असंच शिकवलंय.” म्हणजे शिकवणारीला ठाऊक नाही, शिकणारीला ठाऊक नाही, आणि दोघी मिळून खिडकीच्या गजाला पट्टा बांधून ते ओढतोय. मला हसू आलं, आणि हसताना खांद्यातून कळ गेली.

रिक्षात बसल्यावरही ते डोक्यातून जाईना. अक्कलकोटकडच्या आमच्या गावी माझा भाऊ मल्लेश बांबूच्या कांबीला सुतळी बांधून धनुष्य करायचा, तुराटीचे बाण करायचा आणि कडब्याच्या गंजीवर सोडायचा. गंजीतून बाण उपसून आणायचं काम माझं. ते मला आवडायचंही, खोटं कशाला सांगू. कडब्यात हात घातला की आत ऊब लागायची, बाणाचं टोक बोटांनी चाचपून ओळखायचं. पण कांब कधी मी मागितली नाही आणि त्याने दिली नाही. भांडण नव्हतं, कुणी मना केलं नव्हतं. नुसतं तसं ठरून गेलं होतं, जेवायला बसताना कोण कुठं बसणार हे ठरून जातं तसं. आता मल्लेश पुण्याला असतो, त्याला फोन करून “धनुष्य ओढताना कसं वाटायचं रे” असं विचारलं असतं तर त्याने आधी माझी तब्येत विचारली असती. रिक्षावाल्याला सुटे पैसे देताना उजवा हात पर्सपर्यंत गेला आणि तिथेच अडला. मग डाव्याने दिले.

हाताचं असं झालं होतं की तो कमरेपर्यंत माझा होता, छातीपर्यंत कुरकुरत येत होता आणि पुढे नाही. सकाळी विभूती लावताना हात कपाळाकडे जायचा नाही, कपाळ हाताकडे न्यावं लागायचं; शंकराला वाकते आहे की स्वतःच्या बोटांना, कळायचं नाही. वेणी अत्ती घालत होत्या. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शरणम्मा. आमच्या घरात अर्धं कानडी अर्धं मराठी चालतं, तेव्हा सासू ही अत्तीच. पंचाहत्तरीच्या बाईने सुनेचे पिकायला लागलेले केस विंचरायचे, आणि सुनेने पाटावर बसून शाळेतल्या मुलीसारखी मान पुढे करायची. गुंता आला की त्या “शिवा शिवा” म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बऱ्याच जणांचा खांदा वर्ष-दोन वर्षांत सुटतो, काहींचा थोडा राहतो. हे ‘थोडा राहतो’ मी रात्रंदिवस चघळत होते. थोडा म्हणजे किती? वेणीपुरता की विभूतीपुरता? मला भीती वाटत होती की हात असाच राहील, आणि त्याहून जास्त भीती ही की मला त्याची सवय होईल.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली तुती तोडली. जुळे सोलापुरात आमची कॉलनी झाली तेव्हापासूनची. तारांना लागते म्हणून माणसं आली आणि दुपारपर्यंत जमिनीवर नुसते ओंडके. तुतीचं झाड म्हणजे मला जांभळी बोटं आणि शेजारणीची तक्रार एवढंच माहीत होतं. पण तोडलेल्या बुंध्याच्या तोंडाशी वाकले, तर आत पिवळं. हळदीच्या करंड्यात डोकावल्यासारखं पिवळं, आणि भोवती पांढऱ्या लाकडाचं बारीक कडं. कळेना, इतकी वर्षं हे झाड आतून असं पिवळं उभं होतं? मी हात लावला. ओल होती, हाताला चिकट लागलं. घरी येऊन मोबाइलवर बघितलं की तुतीच्या लाकडाचं काय काय होतं, आणि त्यात कुठेतरी खाली, हॉकीच्या काठ्या आणि टोपल्या यांच्यानंतर, धनुष्य निघालं. मी तशीच उठले. त्या माणसांना चहा दिला आणि सगळ्यात सरळ ओंडका मागून घेतला. संध्याकाळी आमचे हे, सिद्धलिंग, चाटी गल्लीतलं दुकान बंद करून आले तर पोर्चमध्ये माणसाएवढं लाकूड आडवं. “हे काय?” “तुती.” “ते दिसतंय की. करायचं काय हाय त्याचं?” “धनुष्य.” त्यांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात घातले. मग म्हणाले, “महाभारत चालू करायचंय व्हय घरात?” पण रविवारी स्वतःच ओंडका स्कूटरला आडवा बांधून वखारीत घेऊन गेले, उभा चिरून दोन फाळके करून आणले, आणि वाळताना चिरू नये म्हणून टोकांना फेव्हिकॉल फासताना मला ब्रशही धरू दिला नाही.

सोलापूरचा उन्हाळा लाकडाला विचारत बसत नाही. एक फाळका एप्रिलमध्येच पिळवटला आणि मधोमध उभी चीर गेली. दुपारी ताड असा आवाज झाला, अत्तींना वाटलं डबा पडला. उरला एक. तो दिवाणाखाली, फरशीच्या गारव्यात ठेवला होता म्हणून वाचला. आता जे काय होणार ते या एका लाकडातून होणार होतं, आणि लाकडाची गंमत अशी की काढलं ते काढलं, परत लावता येत नाही. माझ्या कामात असं नसतं. मी चादरींची डिझाइनं करते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, संगणकावर, वेल, बुट्टे, मोर, चौकडी. चुकलं तर एक बटण दाबायचं की मागे. दिवसातून शंभर वेळा मी मागे जाते. रात्री दिवाणावर झोपलं की खाली ते लाकूड आहे हे कळायचं, आणि वाटायचं, याला मागे जायचं बटण नाही.

तरीही मी बसले ती आधी डिझाइनलाच बसले, कारण मला तेवढंच येतं. व्हिडिओ बघून बघून दोन आकार मनात आले होते. एक काठीसारखं, लांब, अरुंद, पोटाला गोल. दुसरं पट्टीसारखं, रुंद, चपटं, मुठीशी तेवढं निमुळतं. समोर जाते ती धनुष्याची पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. तुती ताण चांगला सोसते, दाब तेवढा सोसत नाही, असं परदेशातला एक दाढीवाला सांगत होता, म्हणून तिला रुंद ठेवायचं, दाब पसरू द्यायचा. हे मला इतकं आवडलं की मी स्वयंपाकघरात जाऊन अत्तींना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. “लाकडालाबी पाठ-पोट अस्तंय?” “असतं की.” “मग डोस्कंबी असंल कुटंतरी,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की त्यांच्या मते ते सध्या कुणाकडे नाही हे स्पष्ट व्हावं. काठी की पट्टी, हे ठरायला पंधरवडा गेला. काठी दिसायला देखणी. पट्टी भाकरीच्या उलथन्याची थोरली बहीण. पण पाठ-पोटाचा विचार एकदा कळल्यावर देखणेपणाकडे मन जाईना, आणि मी पट्टी घेतली.

आमचे जुने मास्तर, चनबसप्पा, ग्राफच्या कागदावर डिझाइन शिकवायचे तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, मोर एकच काढायचा. दुसरा आपोआप होतो. अर्धं काढा, उलटवा, चादर पूर्ण. तेव्हा कागद दुमडून उलटवायचो, आता बटणाने उलटतं. समोरासमोर चोच केलेले मोर मी इतके विकले, पण दुसरा मोर मी आयुष्यात कधी काढलेला नाही. तशीच मी धनुष्याची एक बाजू काढली, मुठीपासून टोकापर्यंत, मन लावून, आणि उलटवली. पडद्यावर इतकं सुरेख दिसलं की ऑफिसातल्या दाक्षायणीने खुर्ची वळवून विचारलं, “मॅडम, नवीन बॉर्डर का?” कारखान्याच्या मोठ्या प्रिंटरवर खऱ्या मापाची पट्टी छापून घेतली, घरी आणली, लाकडावर चिकटवली आणि पोर्चमध्ये दोन स्टुलांवर लाकूड ठेवून कानशीने घासायला लागले. उजवा हात कमरेच्या उंचीवर काम करतो, तक्रार नाही. एक बाजू दोन-तीन रविवारांत छान उतरली. पिवळा भुगा, वास थोडा काकडीसारखा, थोडा पावडरीचा. मी खूश होते. कशाने, ते नीट सांगता येणार नाही. लाकूड सांगितलं तिकडे जात होतं, एवढ्याने असेल.

दुसऱ्या बाजूला कानस उडाली. एकदा, मग पुन्हा. कागद फाडून बघितलं तर खाली गाठ. टोकापासून वीतभर आत, सुपारीएवढी, तांबूस, आणि तिच्याभोवती लाकडाच्या रेषा पाणी दगडाला वळसा घालतं तशा वळून गेलेल्या. माझ्या कागदावरची रेष मात्र सरळ होती, कारण ती पहिल्या बाजूची होती, उलटवलेली. तिच्यावर विश्वास ठेवून मी गाठीच्या कडेचं लाकूड काढून टाकलं होतं. फार नाही, नखाएवढं. पण जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज होती तिथलं. गाठ मी आधी बघितली नव्हती का? बघितली होती. साल काढताना बोट फिरवलं होतं तिच्यावरून, छान गुळगुळीत लागली होती. पण डिझाइन करताना मी लाकडाकडे नाही, पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर दोन्ही बाजू सारख्या असतात. मी कानस खाली ठेवली आणि पायरीवर बसले. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, खरं सांगते, उत्सुकता. एकाच झाडाचं एकच लाकूड, मग ही बाजू अशी का? इथे फांदी फुटणार होती का? फुटली आणि कुणी तोडली? आमच्यासमोरच्या गुरम्मा दरवर्षी तुतीच्या फांद्या तोडायला लावायच्या, त्यातली ही एक असेल. झाडाने ती जागा आतून भरून काढली आणि वरून काही दाखवलं नाही.

आता दोनच वाटा होत्या. गाठीच्या अलीकडे, मुठीच्या बाजूने, लाकूड कापून गाठ टाकून द्यायची. मग दुसऱ्या बाजूलाही तेवढंच कापायचं, मूठ होती तिथेच राहील, दोन्ही बाजू पुन्हा सारख्या, स्वच्छ, बिनगाठीच्या. धनुष्य आखूड होणार. किंवा गाठ ठेवायची, तिच्याभोवती जेवढं लाकूड शिल्लक आहे तेवढं राखायचं, रेष लाकडाच्या वळणाने न्यायची. धनुष्य लांब, पण वेडंवाकडं, आणि कदाचित गाठीशी मोडणार. दाढीवाल्याचं म्हणणं असं की आधी माणसाचं माप घ्या. माणूस जेवढं ओढणार त्यावर लांबी ठरते. लांब धनुष्य कमी ओढलं तर काही बिघडत नाही, बाण जवळ पडतो एवढंच. आखूड धनुष्य जास्त ओढलं तर मोडतं. हे ऐकलं आणि मी मोबाइल उपडा ठेवला. कारण मी किती ओढते हे मला चांगलं ठाऊक होतं. वैदेहीच्या रबरी पट्ट्यावर रोज कळत होतं. उजवा हात छातीपर्यंत येतो आणि थांबतो. त्या मापाला आखूड धनुष्य पुष्कळ झालं. नीट बेतलेलं, माझ्या हाताचं, बाण बऱ्यापैकी लांब फेकणारं. शहाणपणाचं तेच होतं. लाकूडही तेच सांगत होतं, गाठ कापून टाक. तीन-चार दिवस मी स्वतःला पटवलं आणि पटलंही. फक्त एक गोष्ट खुपत होती. ते कापलं की मी सही केल्यासारखं होणार होतं, हात एवढाच. पुढे कधी हात सुटलाच तर ते धनुष्य मला पुरणार नव्हतं, आणि दुसरी तुती गल्लीत नव्हती.

रविवारी संध्याकाळी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, इकडे एक, तिकडे एक, आणि यांना करवत आणायला सांगितली. यांनी गाठीकडची बाजू स्टुलावर घेतली, गुडघा लावला, करवतीचं पातं रेघेवर ठेवलं. “बघ हं. कापलं की गेलं.” “माहितेय.” “मग कापू?” मी म्हटलं, “थांबा. माप एकदा घेते.” उगाचच म्हटलं, वेळ काढायला. माप असं घ्यायचं असतं की दोन्ही हात बाजूला पसरायचे, खांद्याच्या रेषेत, आणि बोटाच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंत टेप धरायची. त्यावरून माणूस किती ओढेल ते निघतं. अत्तींना हाक मारली. त्या शिवणाच्या पेटीतली पिवळी टेप घेऊन आल्या, स्टुलावरचं लाकूड, करवत, गुडघा लावून बसलेला आपला मुलगा, सगळं एका नजरेत घेतलं. “येनवा इदु?” म्हणाल्या, हे काय आता. “माप घ्यायचंय. ह्या बोटापासून ह्या बोटापर्यंत.” मी हात पसरले. डावा गेला सरळ. उजवा उठला, छातीपर्यंत आला आणि खाली झुकलेला तसाच राहिला, मोडक्या छत्रीच्या काडीसारखा. मी जोर केला. डोळ्यांत पाणी आलं, कळेने की कशाने. यांनी करवतीकडे बघितलं. अत्तींनी टेप डाव्या बोटाला लावली, गळ्यापर्यंत आणली, तिथे अंगठा दाबला आणि टेप गुंडाळायला लागल्या.

“अर्धंच झालं की,” मी म्हटलं.

“अर्धंच घ्येतलं. दुप्पट कर.”

“पण उजवा—”

“उजवा काय तोकडा झालाय व्हय गं? वर येईना झालाय तेवढंच.” त्यांनी टेप पेटीत टाकली. “रोज येणी घालतीया मी. दोन्ही हात मांडीवर ठिवून बस्तीस, मला दिस्तंय की. सारकेच हायती.”

मी हात खाली घेतले. इतके महिने मी तो हात आखूड आहे असं धरून चालले होते. पर्स जवळ ठेवत होते, ताट जवळ ओढत होते, विभूतीचा डबा खालच्या फळीवर आणला होता. आणि लाकूड, ज्याच्या दोन बाजू खरोखर वेगळ्या होत्या, ते मात्र मी उलटवून सारखं करायला निघाले होते. जिथे दुप्पट करायचं तिथे केलं नाही, जिथे करायचं नाही तिथे केलं. राग आला स्वतःचा, आणि का कोण जाणे, भूकही लागली.

“मग कापू का नको?” यांनी विचारलं. गुडघा दुखायला लागला असावा.

“नको.”

“नक्की?”

“लांबच राहू दे. गाठीसकट. मोडलं तर मोडलं.”

“आणि बाण?”

“जवळ पडेल सध्या. तुम्ही उचलून आणा.”

“हे बरं हाय,” ते म्हणाले, आणि करवत भिंतीला लावून उठले. अत्ती आत गेल्या नाहीत. पायरीवर बसल्या, बघत.

मी उरलेला छापील कागद खरवडून काढला. पहिली बाजू होती तशी ठेवली. दुसरीसाठी पेन्सिल घेतली आणि लाकडावरच काढायला लागले, मुठीपासून. पडदा नाही, उलटवणं नाही. डाव्या हाताचं बोट पुढे ठेवायचं, लाकडाची रेषा कुठे जाते ते चाचपायचं आणि पेन्सिल तिच्या मागून न्यायची. गाठ जवळ आली तशी रेषा बाहेर सरकायला लागली. मी सरकू दिली. जिथे मी लाकूड खाल्लं होतं तिथे पलीकडच्या कडेला जास्त सोडलं. बघताना ते विचित्र दिसत होतं, गाभण शेळीसारखं. “हितं प्वाट आलंय की त्येला,” अत्ती म्हणाल्या. “असू दे,” म्हटलं. गाठ ओलांडली, आणि टोक वीतभर राहिलं असताना हात थांबला. खांद्याने सांगितलं, इथवर. मी हात तिथेच ठेवला, पेन्सिल न उचलता, क्षणभर. मग पेन्सिल उचलली, स्टुलाला वळसा घालून पलीकडे गेले, आणि उरलेली रेघ तिकडून काढत आणली.